दहा महिन्यांचं डिपॉझिट

२००७ साली मला व्हाइटफील्डच्या आयटी पार्कमध्ये नोकरी लागली. बंगळुरात भाड्याचं घर घ्यायचं तर दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून आधी मोजावं लागतं, हे जतमध्ये आमच्या घरी कुणाच्या गावीही नव्हतं. करार अकरा महिन्यांचा. घर सोडताना रंगकामाचं म्हणून एक महिन्याचं भाडं कापायचं आणि उरलेलं परत द्यायचं, अशी तिथली रीत. सहा हजारांच्या घराला साठ हजार! माझ्या वडिलांची, अण्णांची, सगळी भिस्त दोन एकर डाळिंबांवर, त्यात तेल्या रोगानं बाग धरलेली. शिवाय एकटी मुलगी म्हटल्यावर बरेच घरमालक जिन्यावरूनच वाटेला लावत.

एका घरमालकिणीनं, अम्मांनी, मात्र दार उघडलं आणि पहिलं विचारलं, ‘ऊटा आय्ता?’ जेवण झालं का? आजीमुळे मला कन्नड येत होतं, पण ते आमच्या जत भागातलं. अम्मांच्या घरात तेलुगू, बाहेर बंगळुरी कन्नड. तरी आमचं जमलं. ‘आत्ता दोन महिन्यांचं दे, बाकीचं पगारातून,’ म्हणाल्या. मी राहायला गेले त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या म्हशीचं दूध आणलं, माझी शेगडी पूर्वेकडे तोंड करून मांडायला लावली आणि ते उतू जाईपर्यंत माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. नव्या घरात दूध उतू घालतात ते आपल्याकडेही. पण भाडेकरणीच्या खोलीत घरमालकीण हौसेनं ते करते, हे मला फार मोठं वाटलं. अजूनही वाटतं.

१८८२मध्ये म्हैसूरच्या चामराज वाडियार महाराजांनी अँग्लो-इंडियन लोकांना शेतीवाडीसाठी दिलेल्या जमिनीवर हे गाव वसलं. त्यांचे पुढारी डी. एस. व्हाइट, म्हणून व्हाइटफील्ड. अम्मांच्या सासरची नाचणीची शेती पलीकडेच होती. नव्वदच्या दशकात आयटी पार्क आला, शेतांचे प्लॉट पडले आणि त्यांच्या वाट्याला हे तीन मजली घर उरलं. कावेरीचं पाणी तिथवर पोचलेलं नव्हतं. बोअरवेल, अंगणाखालची टाकी आणि उन्हाळ्यात टँकर. पहाटे चारला उठून अम्मा मोटर लावत. तो आवाज ऐकला की मला थेट जत आठवे.

डिपॉझिटचा प्रत्येक हप्ता अम्मा कॅलेंडरच्या त्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं मांडून ठेवत. पावती कधी झालीच नाही. तीस हजार भरून झाले होते, तेव्हा अण्णांच्या हृदयाची झडप निकामी झाल्याचं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी जिन्यात बसून रडत होते. अम्मांनी सगळं ऐकून घेतलं, कपाट उघडलं आणि तीसच्या तीस हजार माझ्या हातात ठेवले. ‘त्यांना इथं घेऊन ये.’

व्हाइटफील्डला सत्य साईंचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे. २००१मध्ये सुरू झालेलं. तिथं हृदयाच्या शस्त्रक्रियेचे पैसे घेत नाहीत. अण्णा राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं आले. तपासणीच्या दिवशी पहाटेच्या अंधारात अम्मा आमच्याबरोबर फाटकाशी रांगेत उभ्या राहिल्या. पायात रबरी चपला, खांद्यावर शाल, पिशवीत आंबिलीचा डबा. ऊन वर येईपर्यंत दोघांचं बोलणं चाललं होतं ते बोअरवेलचं. कुणाची हजार फुटांवर गेली, कुणाची कोरडी निघाली. एकाचं कन्नड सीमेवरचं, दुसरीचं तेलुगूमिश्रित. ऑपरेशनचं नाव दोघांनीही काढलं नाही, आणि अण्णांच्या चेहऱ्यावरचा ताण माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेला.

झडप बदलली. अण्णा दोन महिने माझ्याकडे होते. पाहुणा आठवडाभर राहिला की पाण्याचे पैसे वाढवणारे मालक मी तिथं पाहिलेत. अम्मा रोज दुपारी बिनमिठाची नाचणीची आंबील वर घेऊन येत आणि अण्णा भांडं रिकामं करेपर्यंत हलत नसत. डिपॉझिटचा विषय मी काढला की म्हणत, ‘आधी त्यांना चालू दे.’ अण्णा चालू लागले, जतला परतले, बागेत जाऊ लागले, तरी अम्मांनी पैसे घेतले नाहीत. २०११मध्ये मी घर सोडलं तेव्हा त्यांच्याकडे माझा एक रुपयाही अडकलेला नव्हता. मी रंगकामाचे सहा हजार पुढे केले, तर रागावल्या.

मी आता पुण्यात असते. अण्णा वर्षातून एकदा तपासणीला बंगळुरूला जातात, डाळिंबांची पेटी घेऊन. पूर्वी ३३५ ई बसनं जायचे, २०२३पासून थेट मेट्रो झाली. रुग्णालयाजवळच्या चांगल्या लॉजमध्ये खोली घेऊ का, असं मी दर खेपेला विचारते. ते अम्मांकडेच उतरतात.