दया, दरवाजा राहू दे

पोलीस लाइनीत वाढलेल्या पोरांना ‘सीआयडी’ बघताना एक अडचण असते. शेजारी खरा पोलीस बसलेला असतो आणि तो गप्प बसत नाही.

“पंच कुठं आहेत ह्यांचे? पंचनामा कोण लिहिणार?” “हातमोजे घाल की रे!” “बघ, लावला बॉडीला हात.” आमचे पप्पा तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी हवालदार होते. शुक्रवारी रात्री नाइट राउंड नसेल तर दहा वाजता टीव्हीसमोर बसायचे, एपिसोडभर चुका काढायचे, आणि जाहिराती लागल्या की आम्हाला सांगायचे, खून मेव्हण्याने केलाय. बहुतेक वेळा मेव्हण्यानेच केलेला असायचा.

मालिका माझ्याच वयाची. २१ जानेवारी १९९८ ला सोनीवर सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर होते. मधल्या वीस वर्षांत १५०० हून जास्त भाग झाले. २००४ साली त्यांनी १११ मिनिटांचा एक भाग एकही कट न घेता, एका दमात शूट केला होता. मालिका करणारे बी. पी. सिंग पुण्याच्या एफटीआयआयमध्ये शिकलेले. ‘सीआयडी’च्या आधी त्यांनी दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीस मालिका केली होती आणि शिवाजी साटम तिच्यातही होते. म्हणजे एसीपी प्रद्युम्न देशाला हिंदीत भेटला, तरी त्याची पोलिसातली पहिली नोकरी मराठीतली. पप्पांना साटम आवडायचे ते बहुधा यामुळेच. “हा माणूस आधी बँकेत होता,” असं ते दरवेळी नव्याने सांगायचे. बँकेतून पोलिसात येणं ही त्यांच्या दृष्टीने उलटी बढती होती.

मला आवडायची ती टीम. विचारणारा अभिजित, दार तोडणारा दया, घाबरणारा फ्रेडी, लॅबमध्ये खेकसणारे डॉक्टर साळुंखे. एका मयतासाठी सगळेच्या सगळे एका खोलीत उभे. कुणाला दुसरी केस नाही, कुणाची मंत्र्याच्या दौऱ्याला ड्युटी लागलेली नाही. पप्पांच्या स्टेशनात एका अंमलदाराकडे चोऱ्या, अपघात, भावकीतली बांधाची भांडणं, हरवलेली माणसं हे सगळं एकदम असायचं. वर समन्स बजावणं, वॉरंट, आरोपीला कोर्टात नेणं-आणणं, आणि गणपतीत दहा दिवस बंदोबस्त. गुन्ह्यावर विचार करायला बसतात ही कल्पनाच त्यांना गमतीची वाटायची. साळुंखेंचा रिपोर्ट एपिसोड संपायच्या आत यायचा. पप्पांच्या फायलींत ‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’ हे वाक्य महिनोन्‌महिने तसंच पडून असायचं.

तरी मला वाटतं, लोक ‘सीआयडी’ बघायचे ते नेमकं या खोटेपणासाठी. आपलं माणूस गेलं तर सहा जण येतील, वाकून बघतील, बोटं फिरवत “कुछ तो गडबड है” म्हणतील, आणि उलगडा झाल्याशिवाय घरी जाणार नाहीत. असं लक्ष आपल्याकडे कुणी देत नाही. पोलीस स्टेशनच्या बाकावर तीन तास बसलेल्या माणसाला विचारा, त्याला दयाचा दणका नंतर हवा असतो, आधी समोरच्याने मान वर करून बघायला हवं असतं.

पण दणका यायचाच. शेवटच्या पाच मिनिटांत संशयित “मैंने कुछ नहीं किया” म्हणायचा, दयाची थप्पड बसायची, आणि पुढच्या शॉटमध्ये तो फ्लॅशबॅकसकट सगळं सांगून मोकळा व्हायचा. मग “अब तुम्हें फांसी होगी.” कोर्ट जवळजवळ नाहीच. कारण कोर्टात गेलं असतं तर मालिकेचा शेवटच उरला नसता. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ते कलम २३ मध्ये आहे. इंग्रजांनी स्वतःच उभ्या केलेल्या पोलिसांवर एवढाही भरवसा ठेवला नव्हता, आणि दीडशे वर्षांनी आपणही तो ठेवलेला नाही. आरोपीने दाखवून दिल्यावर वस्तू सापडली, तर त्या शोधापुरतं त्याचं बोलणं चालतं. त्यामुळे खऱ्या तपासात ‘कबूल केलं’ म्हणजे शेवट नसतो. कपाटातून काय निघालं, पंच कोण होते, ते कोर्टात टिकले की फितूर झाले, खरी गोष्ट तिथे सुरू होते.

हे मला खूप नंतर कळलं. लहानपणी मला फक्त आवाज माहीत होता.

आमच्या लाइनीची मागची भिंत आणि स्टेशनची मागची भिंत यांच्यात एक बोळ होता. काही रात्री पलीकडून आवाज यायचे. आई काही बोलायची नाही. रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवायची. लाइनीतल्या बाकीच्या घरांतूनही टीव्ही मोठे झाल्याचं ऐकू यायचं. आम्ही पोरं तेव्हा दयाच्या थपडेवर टाळ्या वाजवत असायचो. आठवीत असताना मी एकदा जेवताना विचारलं, “पप्पा, तुम्ही पण मारता का?” ते म्हणाले, “जेव.” आईने भाकरी वाढली. पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

फ्रेडीचं काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले. पप्पांनी घरच्या ग्रुपवर त्यांचा फोटो टाकला, खाली हात जोडलेले. मी फोन केला तर म्हणाले, “सगळ्यांत खरा तोच होता. त्याला भीती वाटायची आणि त्याला बायको होती.” मी हसले. मग लक्षात आलं, बरोबर आहे. बाकी कुणाला घरीच जायचं नसायचं. एसीपीने तर स्वतःच्या मुलाला गोळी घातलेली. भुताला घाबरणारा, बायकोच्या फोनने गडबडणारा फ्रेडी हा एकच माणूस रोज ड्युटी संपवून कुणाच्या तरी समोर जेवायला बसत असणार.

पप्पा सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. त्याच सुमारास, डिसेंबर २०२४ मध्ये, ‘सीआयडी’ परत आली. एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्नचा मृत्यू जाहीर झाला, लोक भडकले, आणि काही आठवड्यांत तो जिवंत होऊन आला. “ह्याला रिटायरसुद्धा करत नाहीत,” पप्पा म्हणाले. त्या दिवशी गच्चीवर आम्ही दोघंच होतो. मी काही विचारलं नव्हतं. तेच बोलायला लागले.

“वरून फोन असतो, दोन दिवसांत डिटेक्ट झालं पाहिजे. बाहेर फिर्यादी बसलेला असतो. तो पण म्हणतो, दोन ठेवून द्या साहेब, बोलेल. कोण नको म्हणत नाही, बाळ. एक पोरगा आणला होता, मोटरसायकल चोरीत. एकोणीस-वीसचा असेल. रात्रीत त्यानं तीन गाड्या कबूल केल्या. त्यातली एक चोरीला गेलीच नव्हती. मालकाच्या भावानं नेली होती, दोन दिवसांनी आणून लावली दारात.”

“तुम्ही मारलं त्याला?”

“मी दाराशी उभा होतो.”

यावर काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. अजूनही नीट सुचत नाही. याच माणसाने माझी फी भरली, बंदोबस्तावरून येऊन बूट न काढता माझा बारावीचा निकाल बघितला. त्याच्यावर रागवावं तर तो स्वतःहून बोललाय. माफ करावं तर ते माझ्या हातात नाही. ते त्या पोराच्या हातात.

माझ्या कामात रात्री सर्व्हर पडला की दहा जण एका कॉलवर येतात. कुणीतरी हमखास एसीपीचा बोटं फिरवणारा जिफ टाकतं. दुसऱ्या दिवशी आम्ही पोस्टमॉर्टेम लिहितो. त्याला खरंच तेच म्हणतात. त्याचा एक नियम आहे, कारणाच्या रकान्यात माणसाचं नाव लिहायचं नाही. हा नियम दयाळूपणासाठी आहे असं नव्या पोरांना वाटतं. तसं नाही. माणूस घाबरला की मीटिंग संपवणारं उत्तर देतो. आपण तेच खरं धरतो, भलतीच गोष्ट दुरुस्त करतो, आणि पुढच्या महिन्यात सर्व्हर पुन्हा पडतो. आमच्याकडे चुकलं तर एक वेबसाइट तासभर बंद राहते. पलीकडच्या बोळात चुकलं तर एका पोराच्या नावावर न झालेली चोरी लागते, आणि उरलेल्या दोन गाड्या खरंच कुणी नेल्या ते शोधायला कुणी जात नाही. कारण केस डिटेक्ट झालेली असते.

“कुछ तो गडबड है” हे वाक्य मला म्हणूनच अजून आवडतं. त्यात शंका आहे, आणि शंका असेपर्यंत माणूस बघत राहतो, विचारत राहतो. थप्पड बसली की बघणं संपतं.

मी पप्पांना विचारलं, त्या मुलाचं पुढे काय झालं? जामिनावर सुटला, एवढं त्यांना आठवत होतं. केस कोर्टात उभी राहायच्या आधी त्यांची बदली झाली होती.