चितळ ओरडतं ते कोणासाठी?

वर्धा

चि. भाच्यास,

हिंगणीकडच्या तुझ्या वावराला लागून रात्री चितळ ओरडत होतं म्हणालास. वाघ जवळ असताना गुपचूप पळायचं सोडून ते ओरडतं कशाला, हा तुझा प्रश्न मला फार आवडला.

एक कारण नात्यागोत्याचं. अमेरिकेतल्या बिळात राहणाऱ्या खारींवरचा पॉल शेर्मन यांचा अभ्यास १९७७ साली प्रसिद्ध झाला. पिल्लं, बहिणी आसपास असलेल्या माद्याच जास्त ओरडतात, असं त्यांना दिसलं. ओरडणारीचा जीव धोक्यात येतो, पण रक्ताची माणसं वाचतात.

पण बोरच्या जंगलातलं चितळ पाहिलं की मला दुसरं कारण अधिक पटतं. शेपटी वर, कान पुढे, पुढचा पाय जमिनीवर आपटत ते ओरडतं आणि तोंड असतं थेट वाघाकडे. हे सांगणं वाघालाच आहे: तू दिसलास! वाघाची सगळी भिस्त दबा धरण्यावर. गवतातून सरकत अगदी जवळ यायचं आणि झडप घालायची. लांबचा पाठलाग त्याला झेपत नाही. डाव उघडा पडला की तो बहुधा उठून चालू लागतो. आफ्रिकेतल्या ताई जंगलात बिबट्यांना रेडिओ कॉलर लावून पाहिलं, तेव्हाही माकडं ओरडू लागताच बिबटे दबा सोडून निघून जात.

चितळाच्या पहाऱ्याला वानरांचीही जोड असते. वानराला शेंड्यावरून दूरचं दिसतं, चितळाचं नाक तिखट. वानरांनी पाडलेला पालाही चितळांना मिळतो, म्हणून दोघांची सोबत जमते.

आता तुझ्या कामाचं. चितळ कुत्र्यालाही ओरडतं. सांबराचं ‘पोंक’ आलं तर मात्र गांभीर्याने घे. आवाज नाल्याच्या काठाने पुढे पुढे सरकत असेल तर जनावर चालतंय असं समज. बोर व्याघ्र प्रकल्प झाला २०१४ साली, पण देशातल्या सगळ्यात लहान प्रकल्पांपैकी तो एक. वाघ त्याच्या हद्दीत थोडाच मावणार? तो वावरात येणारच.

विजेची लाइन रात्रीची असली की ओलिताला जावंच लागतं, हे मला कळतं. तरी एकटा जाऊ नको आणि कानातली गाणी आधी काढ. जंगल फुकटात पहारा देतं, तो ऐकायला कान मोकळे हवेत. आणि गावातल्या शेतकऱ्यांना गोळा करून दिवसाच्या लाइनीचा अर्ज लिहायला घे. द्यायला मी सोबत येतो.

तुझा मामा