दहा जोड्यांचा डबा

नाशकात तिवंध्याजवळच्या एका बोळात गोल लोखंडी खांबावर बिडाचा एक डबा आहे. झाकण एका बिजागरीवर लोंबतंय, गंजाने रंग विटकरी झालाय. पण झाकणावर हाताने रंगवलेला सात आकडा अजून शाबूत आहे. काय सुबक सात! शिडीवर उभं राहून, कुणी मान वर करून बघणार नाही अशा जागी, कुणीतरी तो मन लावून काढलेला. शेजारच्या दुकानातल्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, "लाइटचं असेल काहीतरी, काका."

लाइटचं नाही. तो टेलिफोनचा डीपी, म्हणजे डिस्ट्रिब्यूशन पॉइंट. शेतकरी ज्या रोहित्राला डीपी म्हणतो, ते वेगळं.

खांब वरून खाली वाचत यावा. सगळ्यात वर विजेच्या तारा, त्यांच्या खाली दिव्याचा हात, आणि त्याहून खाली, शिडीच्या टप्प्यात, बोलण्याच्या तारा. टेलिफोनचा स्वतःचा खांब असेल तर तो बहुधा नळीचा, वर निमुळता होत गेलेला, डोक्यावर टोपी घातलेला. पांढरे चिनी मातीचे इन्सुलेटर दिसले तर उघड्या तारांचा काळ आठवावा. काळी, दोन पदरी, डब्यातून निघून थेट एखाद्या खिडकीच्या चौकटीत शिरणारी ती ड्रॉप वायर. अ‍ॅल्युमिनियमची, पन्हाळी अंगाची पेटी दिसली तर ती केबल टीव्हीवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर. काळी लांबट कुपी आणि तिच्याशेजारी वेटोळं करून टांगलेली केबल म्हणजे फायबरचा जोड. ते वेटोळं पुढे कधी तार तुटली तर कामाला यावं म्हणून राखलेलं असतं. गंगापूर रोडवर आता अशी वेटोळीच जास्त.

जुन्या डब्यात मात्र तांबं होतं. एक्स्चेंजच्या मोठ्या दालनातून जाड केबल निघायची, रस्त्याकडेच्या कॅबिनेटात यायची, तिथून पिलरमध्ये, पिलरमधून डीपीत. लहान डीपीत दहा जोड्या. प्रत्येक जोडीला रंग ठरलेले: पांढऱ्यासोबत निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, मग लालसोबत पुन्हा तेच पाच. एवढे रंग पाठ असले की अंधारात बॅटरी तोंडात धरूनही माणूस गल्लीतलं कुठलंही घर शोधून काढी.

आणि दहा जोड्या म्हणजे दहाच घरं. पंचवटीत आम्ही राहायचो त्या वाड्यात बिऱ्हाडं पुष्कळ आणि फोन एक, वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे. काळा, जड, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा. त्यावर क्रोशाचा रुमाल, डायलला इवलंसं कुलूप, शेजारी पैसे टाकायचा बोर्नव्हिटाचा डबा. सगळ्या वाड्याच्या लग्नपत्रिकांवर काकूंचाच नंबर, पुढे कंसात पी. पी., म्हणजे फोन शेजाऱ्यांचा. पुण्याहून फोन आला की काकू गॅलरीतून हाक मारत, "अरे, आईला सांग, मामांचा फोन आहे, दहा मिनिटांनी परत करतायत." ती दहा मिनिटं सगळा वाडा जिना चढून काकूंच्या घरात बसे. काकू चहा टाकत. मामांशी आई बोले, पण ऐकत सगळेच. आणि बातमी वाईट असली तर फोन ठेवायच्या आत कुणीतरी आईच्या पाठीवर हात ठेवलेला असे. काकूंनी एकदाही "आता नको" म्हटल्याचं मला आठवत नाही. आज मागे बघताना वाटतं, आमच्या वाड्याचं दूरसंचार खातं त्या चालवत होत्या, बिनपगारी.

पहिल्या मोठ्या पावसात फोन डेड व्हायचा. जुन्या केबलींत तांब्यावर कागदाचं वेष्टण आणि बाहेर शिशाचं कवच; कवचाला भेग पडली की कागद ओला होई आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जाई. पुढे केबलींत पेट्रोलियम जेली भरायला लागले तेव्हा ते कमी झालं. १९८ ला तक्रार केली की लाइनमनदादा यायचे, लाकडी शिडी खांद्यावर आणि कमरेला पट्टा. ते डबा उघडत, हातातला टेस्ट फोन दोन स्क्रूंना लावत आणि खांबावरून एक्स्चेंजशी बोलत. आम्ही पोरं खाली उभी. तारेत एरवी ४८ व्होल्ट, घंटी वाजताना ७५ च्या आसपास, हात तारांवर असताना कुणाचा फोन आला तर दादांना झटका बसे, आणि ते हसून म्हणत, "कुणाचा तरी जीव तळमळतोय बघ." कुठली जोडी कुणाची, हे त्यांना वही न उघडता ठाऊक असायचं.

त्या ४८ व्होल्टांची मला फार माया आहे. ते एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून यायचे, म्हणून भारनियमनात घर काळोखात बुडालं तरी फोनला टोन असायचा. फायबर वेगवान आहे, मुलांचं शिक्षण आणि आजारी माणसाची लांबवरच्या डॉक्टरांशी गाठ त्यावर चालते, त्याला नावं ठेवू नयेत. पण काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. लाइट गेली की घरातला राउटरही गेला.

खांबाला मान देणारेही होते, आणि तेही याच गावात. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२५ पासून छपाई चालते. भारतीय तारखात्याच्या शताब्दीनिमित्त १९५३ मध्ये तिथे दोन तिकिटं छापली गेली, दोन आण्यांचं आणि बारा आण्यांचं. चित्रात ना राजा, ना देऊळ, ना पुढारी. १८५१ चा तारेचा खांब आणि १९५१ चा तारेचा खांब, बस्स. १८५१ म्हणजे कोलकाता ते डायमंड हार्बर ही पहिली तार. ती टाकणारे ओशॉनेसी हे पेशाने डॉक्टर. शंभर वर्षांचं कर्तृत्व सांगायला त्या चित्रकाराला खांब पुरेसा वाटला, याचा मला मनापासून आनंद होतो. ज्या तारसेवेसाठी तो खांब रोवला, ती जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

सिंहस्थ जवळ आला की नाशकात रस्ते रुंद होतात आणि खांब उपटले जातात. तांबं भंगारात जातं, बीड भंगारात जातं, सुबक सातही जातो. नाण्यांचा अभ्यास व्हावा म्हणून आपल्याकडे अंजनेरीला संग्रहालय उभं राहिलं. टेलिफोनचाही एक खांब, डब्यासकट, आतल्या दहा जोड्यांसकट, या शहरात जपून ठेवला पाहिजे. आणि तुमच्या गल्लीत कुणी निवृत्त लाइनमन राहत असतील तर आजच त्यांच्याकडे जा, कुठली जोडी कुणाची होती ते विचारा आणि लिहून ठेवा.