अग्नीची मर्यादा
भिलाईहून नागझिऱ्याच्या वनाकडे

वाचकहो, भिलाईच्या सेक्टर १० मध्ये चैत्र-वैशाखातील एखाद्या रात्री गच्चीवर उभे राहण्याचा योग आला, तर पोलाद कारखान्याच्या बाजूच्या आकाशाकडे अवश्य पाहा. ते मधूनच तांबूस होते, क्षणभर उजळते आणि पुन्हा काळोखात विरून जाते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतील लोहखनिज ह्या भट्ट्यांत वितळते आणि पुढे त्याचे पोलाद होते. सेक्टरांतील मुले ह्या अग्नीच्या सहवासातच वाढतात. त्याचे त्यांना भय वाटत नाही. न वाटावे हेही साहजिकच आहे. भट्टीला उष्णता सोसणाऱ्या विटांचे अस्तर असते, त्यावर पोलादी कवच असते, कवच निववायला पाणी असते आणि डोळ्यांत तेल घालून पहारा करणारी माणसे असतात. मर्यादेत ठेवलेला अग्नी चाकरासारखा राबतो.

परंतु ह्याच दिवसांत, ह्याच शहरापासून मोटारीने तीन-चार तासांच्या अंतरावर, भिंती नसलेल्या अग्नीशी माणसे झुंजत असतात. त्या अग्नीलाही मर्यादा घालावी लागते. फक्त ती विटांची नसते. ती कशी घालतात हे पाहण्यासाठी आज आपण पश्चिमेच्या वाटेला लागू.

भिलाईहून दुर्ग, दुर्गाहून राजनांदगाव आणि तेथून महाराष्ट्राच्या सीमेकडे, असा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ आहे. जुनी माणसे त्याला अजूनही सहा क्रमांकाचा रस्ता म्हणतात. आज वाटेत दोन राज्यांची सीमा लागते. पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी दुर्ग आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. म्हणूनच छत्तीसगडच्या ह्या भागात मराठी बोल ऐकू आले, तर नवल वाटण्याचे कारण नाही. राजनांदगाव मागे पडले की शेतांची सपाटी हळूहळू संपते आणि देवरीच्या सुमारास दोन्ही बाजूंनी रान जवळ येते. पुढे कोहमारा, मग साकोली. ह्या टापूत महामार्गाच्या दक्षिणेस नवेगाव आणि उत्तरेस नागझिरा आहे. साकोलीहून उत्तरेस वळलेली वाट पिटेझरीच्या प्रवेशद्वाराशी जाते.

नागझिऱ्याला १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, तर नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. डिसेंबर २०१३ मध्ये ही दोन्ही वने आणि त्यांच्या लगतची अभयारण्ये मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आकाराला आला. हा सारा प्रदेश तलावांचा आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या पूर्वजांनी उतार हेरून मातीचे बांध घातले आणि पावसाचे पाणी अडवले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. हे तलाव लक्षात ठेवा. आपल्या वणव्याच्या कथेचा शेवट त्यांच्याच काठी होणार आहे.

फाल्गुन सरता सरता ह्या वनाचे रूप पालटते. साग, ऐन, धावडा, तेंदू ही झाडे पाने गाळतात. पळस मात्र फुललेला असतो. जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर साचतो. त्यावरून हरिण चालले तरी कुरकुर ऐकू येते. ह्या पाचोळ्यातच वणव्याचे बीज असते. आपल्या देशातील बहुतेक वणवे झाडांच्या शेंड्यांवरून धावत नाहीत. ते पाचोळ्यातून आणि वाळल्या गवतातून जमिनीलगत सरकतात. त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला ते किरकोळ वाटतात. मोठा वृक्ष कदाचित तगतोही. परंतु त्याच्या पायाशी उगवलेली रोपे, जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, कासवे, सरडे आणि मातीतील असंख्य जीव काही क्षणांत राख होतात. उद्याचे वन आज जळते, ते असे.

हा अग्नी येतो कोठून? आकाशातून वीज पडून आग लागण्याचे प्रकार येथे अपवादानेच घडतात. बहुतेक वणव्यांचे मूळ माणसाच्या हाती असते, आणि तो हात नेहमीच दुष्ट असतो असेही नाही. चैत्राच्या पहाटे मोहाची फुले टपटप गळू लागतात. ती वेचणे म्हणजे वनाकाठच्या कुटुंबाच्या वर्षभराच्या मीठमिरचीची सोय. पाचोळ्यात पडलेली फुले शोधणे कठीण, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करण्याची जुनी रीत आहे. पेटवणारा घरी परततो; निखारा मात्र तेथेच राहतो. दुपारी वारा सुटला की तो झाडाखालची जागा सोडून चालू लागतो. तेंदूच्या झुडपांना कोवळी पाने लवकर फुटावीत म्हणूनही काही ठिकाणी आग लावली जाते; ही पाने पुढे विडीच्या उद्योगाला लागतात. आणि शेवटी तुमच्या-आमच्यासारखा वाटसरू असतो. अर्धवट विझलेली विडी किंवा सहलीतील चूल मागे ठेवून तो निर्धास्तपणे गाडीत बसतो.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. वनरक्षकाचे सारे शास्त्र ह्या एका म्हणीत आहे. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. पण त्याची तयारी थंडीतच सुरू होते. वनातून ठरलेल्या मार्गांनी लांबच लांब पट्टे आखलेले असतात. त्यांना जाळरेषा म्हणतात. त्यांची रुंदी तीन मीटरपासून बारा मीटरपर्यंत असते. मजूर ह्या पट्ट्यांवरील गवत आणि झुडपे कापतात, ती वाळू देतात आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी, वारा शांत असताना, दोन्ही कडांना माणसे उभी करून आपल्या देखरेखीखाली जाळून टाकतात. पुढे वणवा आला की ह्या रिकाम्या पट्ट्याशी त्याला खायला काही उरत नाही. भट्टीला जशी विटांची भिंत, तशी वनाला ही जाळरेषा. मात्र विटांची भिंत वर्षानुवर्षे टिकते, आणि जाळरेषेवर गळलेला पाचोळा दर काही दिवसांनी झाडावा लागतो. एक आठवडा हयगय झाली तर भिंतीला भगदाड पडले म्हणून समजावे.

आता आकाशातूनही पहारा असतो. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्यांच्या सूचना राज्यांना देते. उपग्रहाला उष्णतेचा ठिपका दिसला की त्याचे ठिकाण भ्रमणध्वनीवर संदेशाने वनकर्मचाऱ्यांना कळते. परंतु उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो, आणि ज्या चौकटीत तो आग दाखवतो तिची एक बाजू सर्वांत बारीक नजरेच्या यंत्रातही सुमारे ३७५ मीटर असते. त्या चौकटीत नेमके कोठे जायचे, नाल्याच्या अलीकडे की पलीकडे, हे ज्याच्या पायांखालून ते रान गेले आहे त्यालाच ठाऊक. म्हणून मचाणावर बसणारा अग्निरक्षक आजही हवा असतो. हे अग्निरक्षक बहुधा जवळच्याच गावांतील, हंगामापुरते घेतलेले मजूर असतात.

आणि आग लागलीच, तर तिच्यासमोर उभी राहतात तीही हीच माणसे. पाठीवर पाचोळा उडवणारे यंत्र असते. ते नसेल तेथे हिरव्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपाव्या लागतात. चढावर आग वेगाने वर धावते, म्हणून चढावर तिच्या पुढे उभे राहू नये. जळून गेलेल्या बाजूने तिच्यापाशी जावे. वाऱ्याची दिशा कधीही बदलेल हे गृहीत धरावे. हे सारे नियम अनुभवाने शिकलेले आहेत, आणि अनुभवाची किंमत कधी कधी फार मोठी असते. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्याच्या वनात वणवा विझवताना तीन मजूर होरपळून मृत्युमुखी पडले आणि दोघे जखमी झाले. वाघ पाहण्याच्या ओढीने प्रवेशद्वारातून आत जाताना, वाचकहो, क्षणभर त्या तिघांचे स्मरण करा. आपण ज्या सावलीतून जातो, ती राखण्यासाठी त्यांनी आपले प्राण वेचले.

वणवा विझला म्हणजे त्याचे काम संपले असे मात्र नाही. मृगाच्या सरी येतात तेव्हा जळालेल्या उतारावर पाचोळा नसतो, गवत नसते. पावसाचा थेंब थेट मातीवर आदळतो. जे पाणी पाचोळ्यातून झिरपून जमिनीत उतरायचे, ते माती घेऊन उताराने धावते आणि पायथ्याच्या तलावात शिरते. गाळाने तळ वर येतो. पावसाळ्यात तलाव लवकर भरून सांडतो आणि उन्हाळ्यात लवकर आटतो. चैत्रातील वणवा असा श्रावणातील पूर होऊन परत येतो, आणि पुढल्या वैशाखातील टंचाई होऊन पुन्हा एकदा. कोहळ्यांनी बांधलेल्या तलावाचे आयुष्य वरच्या डोंगरातील पाचोळ्यावर अवलंबून असते.

आग आणि पाणी यांचे हे नाते एकदा ध्यानात आले, की देशातील इतर राष्ट्रीय उद्यानांचे प्रश्नही निराळ्या नजरेने दिसू लागतात. आसामातील काझीरंगा घ्या. एकशिंगी गेंड्यांचे हे घर जवळजवळ दर पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेच्या पुराखाली जाते. हा पूर अडवावा काय? तसे केले तर वनाचेच नुकसान होईल. कारण पुराच्या पाण्यानेच तेथील दलदली आणि गवताळ कुरणे ताजी होतात, तळ्यांत मासळी येते. म्हणून तेथे पुराला वाट मोकळी ठेवून प्राण्यांसाठी मातीचे उंच उंचवटे रचले आहेत. तरीही अनेक प्राणी दक्षिणेकडील कार्बी आंगलोंगच्या टेकड्यांचा आसरा शोधतात, आणि मधून महामार्ग जातो. पुराच्या दिवसांत तेथे वाहनांना वेळेची चिठ्ठी देण्याची पद्धत आहे. ठरलेल्या वेळेआधी पलीकडच्या टोकाला पोहोचणारा वेगाने गेला हे उघड होते आणि त्याला दंड होतो. नवेगाव आणि नागझिरा यांच्या मधूनही आपण आलो तो महामार्ग जातोच. आगीपासून पळणाऱ्या प्राण्यालाही कधी तो ओलांडावा लागेल, हे गाडी चालवणाऱ्याने विसरू नये.

बंगालच्या उपसागराच्या मुखाशी सुंदरबनात तिसरे संकट येते, ते वादळाचे. मे २००९ मध्ये ‘आयला’ आणि २० मे २०२० रोजी ‘अम्फान’ ही चक्रीवादळे तेथे धडकली. वादळ थांबवणे कोणाच्याच हाती नाही. परंतु खारफुटीचे दाट वन लाटांचा आणि वाऱ्याचा जोर कमी करते, आणि त्यामागच्या गावांना काहीसा आसरा मिळतो. वादळानंतर वनकर्मचाऱ्यांना आधी दोन कामे असतात : गोड्या पाण्याच्या तळ्यांत शिरलेले खारे पाणी उपसणे, आणि वाघाने गावात येऊ नये म्हणून लावलेली नायलॉनची जाळी पुन्हा उभी करणे.

तीन ठिकाणे, तीन संकटे. परंतु रीत एकच. आगीला रिकामी जागा ठेवावी, पुराला वाट ठेवावी, वादळासमोर जिवंत वन उभे ठेवावे, आणि हे सारे संकट येण्याआधी करावे. ही कामे करणारी माणसे वनाच्या काठीच राहतात. म्हणून त्यांच्या पोटाची काळजी हाही वनरक्षणाचाच भाग आहे. मोहाच्या झाडाखाली जाळी बांधली तर फुले मातीत पडत नाहीत, स्वच्छ राहतात, आणि पाचोळा पेटवण्याची गरजच उरत नाही. खराट्याने झाडून घेतले तरीही काम भागते. वनाचे रक्षण आणि कुटुंबाची मिळकत येथे हातात हात घालून चालतात.

आणि आपण, प्रवासी म्हणून, काय करावे? वनात काडी ओढू नये. उन्हाळ्यात रानाकाठी चूल मांडू नये. धूर दिसला तर ‘असेल कोणीतरी विझवायला’ असे म्हणून पुढे जाऊ नये; जवळच्या नाक्यावर सांगावे किंवा महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ ह्या मदतवाहिनीला कळवावे. मार्गदर्शकाला आणि वनरक्षकाला वाघाची चौकशी करून झाली की एक प्रश्न आणखी विचारावा : यंदा जाळरेषा वेळेवर झाल्या का? हा प्रश्न विचारणारा पाहुणा त्यांना सहसा भेटत नाही.

संध्याकाळी परत निघालात, की दुर्ग ओलांडेपर्यंत रात्र झालेली असेल. सेक्टर १० मधील घरी पोहोचून मुले गच्चीवर धावतील आणि तांबूस झालेले आकाश तुम्हाला दाखवतील. तेव्हा त्यांना सांगा : ह्या अग्नीभोवती जशी भिंत आहे, तशीच एक भिंत दूरच्या वनातही आहे. ती दर वर्षी हिवाळ्यात नव्याने घातली जाते आणि खराटा हाती घेतलेली माणसे ती उन्हाळाभर राखतात.