"काका, डोकं दुखतंय" : उन्हातला फुटबॉल आणि उष्माघात



एप्रिल-मे आला की ओपीडीत "डॉक्टर, ऊन लागलंय" म्हणत येणारे पेशंट वाढतात. उष्माघातावर लिहा, असं तुमच्यापैकी अनेकांनी सुचवलं होतं. मी टाळत होतो, कारण या विषयावर लिहायचं तर आधी माझी स्वतःची एक चूक सांगावी लागणार होती. आज सांगतो.

गोष्ट सुरू होते २०१७ मध्ये. त्या वर्षी सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात होता. त्याआधी १५ सप्टेंबरला 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' या उपक्रमात राज्यभर शाळाशाळांतून मुलांना फुटबॉल खेळवला गेला. आमच्या नगरमध्येही एरवी क्रिकेटशिवाय दुसरं काही न खेळणारी पोरं फुटबॉलमागे धावली. माझा पुतण्या त्यातलाच. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याच्या हट्टापायी मी ६ ऑक्टोबरला त्याला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर घेऊन गेलो. न्यूझीलंड विरुद्ध तुर्कस्तान सामना १-१ असा बरोबरीत सुटला.

परतीच्या प्रवासात त्याने विचारलं, "काका, न्यूझीलंड कुणाला हरवून इथं आलं?" मग मी त्याला ओशनियाची माहिती सांगितली. प्रशांत महासागरातल्या फिजी, ताहिती, सॉलोमन बेटे, वानुआटू, न्यू कॅलेडोनिया अशा चिमुकल्या बेटांची आणि न्यूझीलंडची आपापसात स्पर्धा होते. तिचं नाव ओएफसी नेशन्स कप. ही स्पर्धा एक तर ऑस्ट्रेलियाने जिंकायची नाहीतर न्यूझीलंडने, असंच वर्षानुवर्षं चाललं होतं. २०१२ मध्ये सॉलोमन बेटांच्या राजधानीत, होनियारात ती झाली आणि उपांत्य फेरीत न्यू कॅलेडोनियाने न्यूझीलंडला २-० असं हरवलं. अंतिम सामन्यात ताहितीने न्यू कॅलेडोनियावर १-० अशी मात केली. ताहितीचे बहुतेक खेळाडू नोकरीधंदा सांभाळून खेळणारे हौशी लोक. पुढच्या वर्षी ब्राझीलमध्ये स्पेनने त्यांच्यावर दहा गोल केले ही गोष्ट वेगळी, पण पोराला ताहिती आवडून गेली. त्याने वहीच्या मागच्या पानावर त्यांचा झेंडासुद्धा काढला.

होनियारा विषुववृत्ताच्या जवळ आहे. तिथली हवा उष्ण आणि दमट. न्यूझीलंडचा संघ फक्त उन्हामुळे हरला असं म्हणणं जिंकणाऱ्यांवर अन्याय ठरेल, पण थंड देशातून आलेल्या शरीराला अशा हवेत नव्वद मिनिटं धावणं जड जातं, हे नक्की. हे मी त्याला त्या दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

त्या दिवशी काय झालं

दोन वर्षांनी, मे महिन्याच्या सुट्टीत मुलांची एक स्थानिक स्पर्धा होती. सामना सकाळी नऊला सुरू होणार होता. पाहुणे उशिरा आले, सत्कार झाले, भाषणं झाली आणि शिट्टी वाजली तेव्हा साडेअकरा झाले होते. नगरचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला मी काय सांगणार!

हाफटाइमला पुतण्या माझ्याकडे आला. "काका, डोकं दुखतंय. मळमळतंय."

मी डॉक्टर. पेशंटच्या तोंडून हे दोन शब्द ऐकले असते तर त्याला लगेच सावलीत झोपवलं असतं. पण मी त्या वेळी डॉक्टर नव्हतो, काका होतो. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "पाणी पी आणि जा. ताहितीची पोरं उन्हातच जिंकली ना?"

तो गेला. दहा-बारा मिनिटांत तो चेंडू घेऊन स्वतःच्याच गोलकडे धावू लागला. लोक हसले. मग त्याचे पाय लटपटले आणि तो खाली बसला. मी धावत गेलो तर माझ्याकडे बघून "पप्पा, बस सुटली का?" असं काहीतरी बरळला. अंग चटका बसेल इतकं तापलेलं होतं.

कुणी कांदा फोडून नाकाला लावला. कुणी तोंडात पाणी ओतायला निघालं. "घाम येतोय की, म्हणजे ऊन नाही लागलेलं," असंही एकजण म्हणाला. मैदानावर मारायला आणलेला पाण्याचा टँकर उभा होता. त्याच्या पाइपाखाली आम्ही त्याला धरलं. समोरच्या रसवंतीवाल्याने बर्फाची अख्खी लादी फोडून दिली. टॉवेलमध्ये बर्फ गुंडाळून मान, काखा, जांघा इथे ठेवला आणि चार पोरं पुठ्ठ्यांनी वारा घालत राहिली. साधारण वीस मिनिटांनी त्याने मला ओळखलं. त्यानंतरच आम्ही त्याला गाडीत घातलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा एवढं करूनही ताप १०२ च्या वर होता. किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या तीन दिवस चालू होत्या. तो पूर्ण बरा झाला.

वहिनी दवाखान्यात आल्या तेव्हा रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तिथंच होतात ना?"

शरीरात नेमकं काय घडतं?

धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा मोठा भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो. ही उष्णता घाम वाळण्यातून निघून जाते. दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत उलटं होतं. घाम लगेच वाळतो, कपडे कोरडे दिसतात आणि शरीरातून किती पाणी गेलं ते कळतच नाही. बाहेर पडणाऱ्या उष्णतेपेक्षा आत तयार होणारी जास्त झाली की शरीराचं तापमान चढतं. ते ४० अंश सेल्सिअसच्या (१०४ फॅरनहाइट) वर गेलं आणि मेंदूच्या कामात गडबड दिसू लागली, की तो उष्माघात.

खेळताना किंवा कष्टाचं काम करताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. त्यामुळे घामावरून ठरवू नका, वागण्यावरून ठरवा. भलतंच बोलणं, चिडणं, तोल जाणं, दिशा न कळणं ही धोक्याची खूण आहे.

आणि ताहितीचं काय? ती मुलं जन्मापासून त्याच हवेत वाढलेली. शरीराला उन्हाची सवय होऊ शकते, पण रोज थोडं थोडं उन्हात राहून त्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. मग घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. माझा पुतण्या मार्च-एप्रिल परीक्षेसाठी पंख्याखाली बसून होता आणि थेट मे महिन्याच्या दुपारी मैदानात उतरला होता. मी त्याला दुसऱ्याच्या शरीराचं उदाहरण दिलं. हीच माझी चूक.

काय कराल?

- आधी थंड करा, मग हलवा. मिळेल त्या पाण्याने भिजवा, बर्फ लावा, वारा घाला. पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.
- पूर्ण शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.
- पॅरासिटामॉल देऊ नका. हा जंतूंचा ताप नव्हे, तिथे ते कामाला येत नाही.
- खिशातला कांदा उन्हापासून वाचवत नाही. तो भाकरीबरोबर खा.
- घाम भरपूर गेला असेल तर नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा ओआरएस चांगलं. पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटर पाण्यातच विरघळवा.
- स्पर्धा भरवणाऱ्यांना विनंती : मे महिन्यात सामने सकाळी नऊच्या आत संपवा किंवा संध्याकाळी घ्या. २०१४ च्या विश्वचषकात ब्राझीलमध्ये मोठमोठ्या खेळाडूंनाही पाणी पिण्यासाठी सामना थांबवून विश्रांती दिली गेली. आपल्या पोरांना द्यायला काय हरकत आहे? सत्कार सामना झाल्यावर करा.

हे फक्त खेळाडूंपुरतं नाही. ऊसतोडीला, बांधकामावर, कांदा काढणीला जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे, विशेषतः कामाच्या पहिल्या आठवड्यात.

पुतण्या अजून खेळतो, पण संध्याकाळी. तुमचं मूल मैदानावरून येऊन म्हणालं, "डोकं दुखतंय," तर त्याला गोष्ट सांगू नका. बूट काढा आणि सावलीत बसवा. सामना पुन्हा होतो.

काळजी घ्या.