रिव्हर्सच्या दिव्याची वायर

फेब्रुवारीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना बाबांनी तळमजल्यावरच्या पोरीची तीनचाकी सायकल चेपली. पोरगी दोन पावलांवर उभी होती. कुणाला काही झालं नाही. बाबांनी संध्याकाळी तिला नवी सायकल आणून दिली आणि गाडीची चावी खिळ्याला अडकवली, ती अडकवलीच. "आता तूच काढत जा," एवढंच म्हणाले.

सेन्सर वाजला नव्हता असं नाही. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत, आमच्या मॉडेललाही आहेत. पण आमच्या जागेत मागे भिंत आणि बाजूला खांब; तो रोजच कोकलतो. रोज कोकलणाऱ्याकडे कोण लक्ष देतं? शिवाय स्पॉंडिलायटिसमुळे बाबांची मान पूर्ण वळत नाही. हे मला वर्षभर माहीत होतं.

त्या रात्री मी वाचत बसलो. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. त्यामागच्या कायद्याला दोन वर्षांच्या एका मुलाचं नाव आहे. २००२ मध्ये त्याचे वडील घराबाहेर गाडी मागे घेत होते, आणि तो मागे होता. वडील स्वतः मुलांचे डॉक्टर. हे मी बाबांना सांगितलं नाही. कॅमेरा मागवला.

काम सोपं वाटत होतं. कॅमेऱ्याला बारा व्होल्ट लागतात, ते रिव्हर्सच्या दिव्यातून घ्यायचे. गिअर पडला की दिवा, दिवा लागला की कॅमेरा. बाबांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं वायरिंग केलंय, त्यांनाही यात काही अडचण दिसली नाही. हँगरची तार सरळ करून डिकीच्या रबरी नळीतून केबल ओढली, दारांखालच्या पट्टीतून पुढे स्क्रीनपर्यंत नेली. छताकडून नेली नाही, तिथे एअरबॅग असते.

गिअर टाकला. चित्र आलं आणि लुकलुकायला लागलं.

"अर्थिंग बघ," बाबा म्हणाले. अर्थिंग चोख होतं. मल्टिमीटर बाराऐवजी साडेआठ दाखवत होता. शेवटी मित्राचा खिशातला ऑसिलोस्कोप आणला, तेव्हा कळलं. जुन्या गाडीत गिअरबॉक्सवरचा स्विच दिव्याला सरळ करंट द्यायचा. आमच्या गाडीत तो स्विच फक्त निरोप देतो. दिवा लावतो बॉडी कंट्रोलचा संगणक, तोही करंट सेकंदाला शंभर वेळा चालू-बंद करून. बल्बला फरक पडत नाही, डोळ्यालाही कळत नाही. कॅमेऱ्याला कळतं.

बाबा म्हणाले, "म्हणजे गिअर मी टाकला तरी दिवा लावायचा की नाही ते तो ठरवणार?"

हो. असले कार्यक्रम लिहूनच मी पोट भरतो, त्यामुळे जास्त बोललो नाही.

मग मी शहाणपणा केला. करंट सपाट करायला भला मोठा कपॅसिटर सरळ त्या वायरवर लावला. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखाच दिसतो. संगणकाने तो शॉर्टच समजून दिवाच बंद केला. गाडी परत सुरू केली तेव्हा कुठे दिवा लागला. माझ्या पाठीला घाम.

दुसऱ्या दिवशी पासोड्या विठोबापाशी गेलो. रिले, डायोड, छोटा कपॅसिटर, दहा ओहमचा रेझिस्टर, फ्यूज. सगळं मिळून एका पिझ्झापेक्षा कमी. युक्ती अशी की दिव्याच्या वायरीने फक्त रिले ओढायचा, आणि कॅमेऱ्याला खरा करंट फ्यूजबॉक्समधून वेगळा द्यायचा. डायोड आणि कपॅसिटर रिलेला मधल्या खाचांमध्ये धरून ठेवतात, रेझिस्टर सुरुवातीचा झटका अडवतो. सर्किट मी काढलं. सोल्डरिंगला बसलो तर बाबांनी हातातून इस्त्री काढून घेतली. "तुझा सांधा कोरडा येतो," म्हणाले. चष्मा कपाळावर, मान जेवढी वाकेल तेवढी वाकवून त्यांनी सहा सांधे जोडले. मी टॉर्च धरला.

चित्र स्थिर आलं. भिंत, खांब, खांबाशी टेकवलेली नवी सायकल.

चावी खिळ्यावरून निघायला त्यानंतरही आठवडा गेला. रविवारी बाबा खाली उतरले, गाडीत बसले नाहीत. आधी मागे जाऊन बंपरखाली वाकून पाहिलं, गाडीला पूर्ण फेरी मारली, पोरगी घरात आहे ना ते तिच्या आईला विचारलं. मग बसून रिव्हर्स टाकला.

"दिसतंय का?" मी बाहेरून विचारलं.

"दिसतंय. तू बाजूला हो."