करंजीचा फाटा

आमच्या घरात प्रवासाला निघण्यापेक्षा प्रवासाचा बेत करण्यालाच महत्त्व अधिक. बेत करायला पैसे पडत नाहीत, पाय दुखत नाहीत आणि एखाद्याचे बोलणे पटले नाही तर चहा ठेवायच्या निमित्ताने उठून जाता येते. यंदा महालक्ष्म्यांना आम्ही चौघे भावंडे यवतमाळच्या जुन्या घरी जमलो होतो. महालक्ष्म्यांचा मुक्काम तीन दिवसांचा, आणि तिन्ही संध्याकाळी आम्ही एका मोटारप्रवासाच्या बेतावरून भांडलो. त्याची ही हकीकत.

याचे मूळ फ्रान्समध्ये आहे. दादाचा मुलगा तिकडे तुलूझ शहरात विमानाच्या कारखान्यात नोकरीला असतो. येत्या नाताळात बायकोला घेऊन, स्वतः मोटार हाकीत, चार दिवस दक्षिण फ्रान्स पाहायचा त्याचा विचार आहे. त्याने फोनवर आपल्या बेताचा तक्ताच पाठवला. कारकासॉन, नीम, आर्ल, आव्हिन्यों अशी गावे, आणि प्रत्येकापुढे चार रकाने: मुक्काम, अंतर, काय पाहायचे, काय खायचे. खाली टिपा होत्या. हिवाळ्यात तिथे पाचाच्या सुमारास दिवस मावळतो, म्हणून अंधारापूर्वी मुक्काम गाठायचा. रोन नदीच्या खोऱ्यातून मिस्त्राल नावाचा बोचरा वारा सुटतो, म्हणून कानटोप्या घ्यायच्या. लहान गावांतली पुष्कळ हॉटेले त्या दिवसांत बंद असतात, म्हणून जागा आधी ठरवायच्या. मात्र दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी नीम गावाला पाणी नेण्यासाठी बांधलेला तीन मजली पूल हिवाळ्यात गर्दीवाचून पाहायला मिळतो.

दादाने हे सारे मोठ्या अभिमानाने वाचून दाखवले. आक्काने ऐकून घेतले आणि विचारले, "पोरगं हुशार आहे. पण याच्या बापानं आपला जिल्हा तरी कधी असा पाहिला आहे का?"

दादा गप्प बसला. खरे म्हणजे जिल्हा पाहिला नाही असे आम्हाला म्हणता येत नाही. वडील महसूल खात्यात कारकून होते. इंग्रजांच्या वेळी या जिल्ह्याचे तालुके पाचच. आता सोळा झाले आहेत. त्या जुन्या पाचांपैकी एकाही ठिकाणची बदली वडिलांना चुकली नाही. दादाची शाळा सुरू झाली दारव्ह्याला, ताईची पुसदला, आणि माझा जन्म केळापूर तालुक्यातला, म्हणजे पांढरकवड्याचा. पण बदलीच्या गावी जाणे म्हणजे पाहणे नव्हे. ट्रंका, वळकट्या, दळणाचे डबे यांच्या मधोमध बसून जे दिसेल तेवढेच दिसते.

तेव्हा ठरले. येत्या डिसेंबरात चार दिवस, आपली मोटार, आपला जिल्हा. हाकणारा मी, कारण चौघांत धाकटा मी. वय फक्त सहासष्ट. आमच्या मंडळींनी पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकले, "तुम्ही चौघं भावंडंच जा. आम्ही आलो की तुम्ही नीट भांडणार नाही." वहिनींनी त्याला लगेच दुजोरा दिला. मी वहीत रकाने आखले.

पहिल्या दिवसाबद्दल वाद झाला नाही. नागपूरच्या रस्त्याने कळंब, चिंतामणीचे दर्शन आणि परत. कळंबचा गणपती जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून कुंडाशी बसलेला. आक्का ऐंशीची, तिचे गुडघे पायऱ्यांचे नाव काढताच कुरकुरतात. पण ती म्हणाली, "उतरेन मी. चढताना तुम्ही तिघं आहात." माहूरच्या रेणुकेचे नाव निघाले तेव्हा मात्र तिने हात जोडले आणि इथूनच नमस्कार पोचवला. तसेही माहूर नांदेड जिल्ह्यात जाते, म्हणून ताईने ते नियमावर बोट ठेवून खोडले.

दुसरा दिवस दादाचा. दारव्हा म्हणजे दादाच्या लेखी एक स्टेशन. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी ती अरुंद रुळांची शकुंतला, तिचे कोळशाचे इंजिन आणि दारव्हा-मोतीबागचा फलाट. १९९४ पर्यंत ती वाफेवर धावली, मग डिझेलवर, आता मुळीच धावत नाही. "तिथे आता पाहायचं काय?" असे ताईने विचारले. "रूळ," दादा म्हणाला. शहात्तर वर्षांचा माणूस गवतात बुडालेले रूळ पाहण्यासाठी अर्धा दिवस मागतो आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? मी लिहून घेतले.

दारव्ह्याहून दिग्रसमार्गे पुसद. ही ताईची बाजू. पुसदला तिने काय काय दाखवायचे कबूल केले म्हणून सांगू! टेकड्यांच्या कुशीतले गाव, पूस नदी, १९३० साली लोकनायक बापूजी अण्यांनी जिथे जंगल सत्याग्रह केला तो मुलूख, आणि जवळच गहुली, वसंतराव नाईकांचे जन्मगाव. ते १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षे मुख्यमंत्री होते. ताईला पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबाही हवा होता. दादाने सुनावले, "डिसेंबरात तिथे सहस्रातलं शंभर उरत असेल." त्यावर ताई चहा ठेवायला उठून गेली. सहस्रकुंड राहिले ते राहिलेच.

खाण्याचा रकाना मात्र भराभर भरला. डिसेंबरात ओल्या तुरीच्या शेंगा येतात. तेव्हा एका रात्री सोलेभात, एका दुपारी कुणाच्या तरी शेतात भरीत-रोडगे, आणि सकाळी जिथे भूक लागेल तिथे तर्रीपोहे. फ्रान्सच्या तक्त्यातला हा रकाना आम्हाला फिका वाटला.

एक अडचण दादाने काढली, ती मला अजून टोचते. तो म्हणाला, "त्या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक कापूस वेचत असतील. भाव मिळेल की नाही या काळजीत असतील. ज्या जिल्ह्याचं नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी देशभर झालं, तिथे आपण काचा वर करून मौज पाहत जायचं?" कुणी काही बोलले नाही. मग आक्का म्हणाली, "काचा खाली कर. थांब, बोल, त्यांच्या घरचा चहा घे. पूर्वी तेच करत होतो न आपण?" एवढ्याने प्रश्न सुटला असे मला वाटत नाही, पण बेत पुढे सरकला.

तिसरा दिवस पांढरकवड्याचा, म्हणजे माझा. माझ्या जन्मगावात दाखवण्यासारखे मला काही आठवत नव्हते, म्हणून मी जवळचे टिपेश्वर पुढे केले. १९९७ साली ते अभयारण्य झाले. सुमारे दीडशे चौरस किलोमीटरचे जंगल, तिथली टिपाई देवी आणि वाघ. सुन्ना आणि माथनी ही त्याची दारे. तिथलाच एक तरुण वाघ २०१९ साली गळ्यात रेडिओचा पट्टा घेऊन बाहेर पडला, महाराष्ट्र आणि तेलंगणातले जिल्हे ओलांडीत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा त्याची तेराशे किलोमीटर चाल झाली होती. "त्यानं तक्ता केला नव्हता म्हणून पोचला," ताई म्हणाली.

चौथा दिवस परतीचा. पांढरकवड्याहून हमरस्त्याने उत्तरेला करंजीपर्यंत यायचे, तिथे चहा, आणि डावीकडे वळून मोहद्यावरून यवतमाळ. तक्ता पुरा झाला. मी तो पुन्हा वाचला आणि माझ्या ध्यानात आले की वडिलांच्या बदल्यांपैकी एक गाव यात कुठेच नाही. करंजीहूनच उजवीकडे फाटा फुटतो, मारेगाववरून वणीला.

मी उत्साहात सांगू लागलो. हा सबंध जिल्हा १९०५ पर्यंत वणीच्याच नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव पुढचे. बापूजी अण्यांचा जन्म १८८० साली वणीचाच.

"कोळशाच्या खाणी आहेत तिकडे," दादा म्हणाला. "ट्रकच ट्रक. धूळ."

"आणि फेरा केवढा पडतो!" ताई म्हणाली. सहस्रकुंडासाठी दीड तास भांडलेली ताई!

आक्का म्हणाली, "काय आहे तिथे पाहायला?" आणि वातींचा डबा घेऊन आत गेली.

आई वणीला गेली हे मला ठाऊक आहे. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. मला तिचा चेहरा आठवत नाही, आक्काचाच आठवतो. पण आई जिथे गेली त्या गावाचे नाव घरात कुणी का काढत नाही, हे मी साठ वर्षे कुणाला विचारले नव्हते. त्या रात्री स्वयंपाकघरात ताईला विचारले.

१९६३ सालचा पौष. वडील साहेबांबरोबर दौऱ्यावर. आईचा ताप चढत गेला, आणि संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांनी यवतमाळला मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून सांगितले. जिनिंगमधला कापसाचा एक ट्रक रात्री यवतमाळला निघायचा होता. शेजाऱ्यांनी तो दारापर्यंत आणतो म्हटले. आक्का अठरा वर्षांची. थंडी मरणाची, उघडा ट्रक, अंगात ताप, घरात तीन लहान पोरे. ती म्हणाली, सकाळच्या मोटारीने नेऊ, तोवर बाबाही येतील. सकाळची मोटार सुटायच्या आधीच आई गेली.

"बाबा तिला एका शब्दानं बोलले नाहीत," ताई म्हणाली. "बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटतं." पुढे आक्काचे ठरलेले लग्न मोडले नाही, नुसते लांबले, आणि लांबता लांबता राहूनच गेले. ती यवतमाळला मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. मला मुंजीत तिनेच कडेवर घेतले होते.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झाले. दुपारी मी वही घेऊन आक्काजवळ बसलो. वणीबद्दल एक अक्षर काढायचे नाही असे ठरवून मी तिला तक्ता नुसता वाचून दाखवला. ती महालक्ष्म्यांच्या साड्यांच्या घड्या घालीत होती. चौथ्या दिवसाशी आलो तेव्हा तिने विचारले, "करंजीहून वणी किती पडते?"

"पन्नासेक किलोमीटर."

"म्हणजे वेळ किती?"

"तास."

तिचे हात थांबले. "अन् वणीहून यवतमाळ?"

"अडीच तास फार तर. तेव्हाचे रस्ते निराळे होते, आक्का," मी घाईने म्हणालो.

"तेव्हाचेच रस्ते विचारून राहिले मी. तेव्हा किती लागले असते?"

मला माहीत नव्हते. फोनवरच्या नकाशाला ते विचारता येत नाही. "चार तास," मी म्हणालो. "पाचही लागले असते. थंडीत, उघड्या ट्रकमध्ये."

ती बराच वेळ घडी घातलेल्या साडीवरून हात फिरवीत राहिली. तिने माझे उत्तर कसे घेतले, मला कळले नाही. बाहेर पावसाची सर येऊन गेली. मग तिने साडी बाजूला ठेवली.

"त्या घराशेजारी रामफळाचं झाड होतं," ती म्हणाली. "असेल का?"

"विचारू तिथे."

"मुक्काम नको. अंधार पडायच्या आत घरी." तिने वही ओढून घेतली, चष्मा पुसला आणि शुद्धलेखन तपासावे तसा सबंध तक्ता तपासला. दारव्ह्यातला माझा ऱ्हस्वदीर्घ तिने दुरुस्त केला. चौथ्या दिवसापुढची 'डावीकडे' ही अक्षरे आडव्या रेघेने खोडली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

मी लिहिले: सकाळी आठ, करंजी, चहा. उजवीकडे.

"आणि पाठीला टेकायला एक उशी लिही," आक्का म्हणाली. "तुझ्या गाडीत मागे बसवत नाही."